सूर्य-चंद्र एकाच मापाचे? गच्चीवरच्या नोंदी, सोलापूर

१२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती

सुरुवात भांडणातनं झाली. लाईट गेलेली, उकाड्यानं सगळे गच्चीवर, आणि चंद्र शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागनं वर आला तशी आई म्हणाली, बघ परातीएवढा आहे. भाची (जूनमध्ये आठवीला जाणार) म्हणाली, परात काय आज्जी, नेहमीएवढाच आहे की, सूर्याएवढा. आणि मग माझ्याकडं वळून, "मामा, सूर्य एवढा प्रचंड मोठा म्हणतात मग चंद्राएवढाच का दिसतो?"

मी लगेच शाळेतलं उत्तर फेकलं. सूर्य चंद्रापेक्षा ४०० पट मोठा आणि ४०० पट लांब, म्हणून फिट्टंफाट, दोन्ही सारखे. यावर तिनं जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं: "कुणी मोजलं? तू मोजलास?"

मी टॉवेल कारखान्यात सुपरवायझर, दिवसभर पट्टी आणि कात्री हातात, एक सेंटिमीटर कमी भरलं तर माल परत येतो, आणि चंद्र मात्र मी न मोजताच ४०० पट सांगून मोकळा. म्हणून ही वही. शाळेचं विज्ञान प्रदर्शन जानेवारीत असतं, तोवर जमेल तेवढं मोजायचं ठरलं.

आजचं साधन: व्हिजिटिंग कार्डाला पंचिंग मशीनचं एक भोक (६ मिमी, व्हर्नियरनं मोजून घेतलं) आणि कापड मोजायची लाकडी मीटरपट्टी. पट्टीचं एक टोक डोळ्याखाली गालाला टेकवायचं, कार्ड पुढं-मागं सरकवायचं, चंद्र भोकात काठोकाठ बसला की आकडा वाचायचा. भाचीचा आकडा ७४, माझा ६६, परत बघितलं तर ७१. एवढ्या फरकाला आमच्याकडं माल रिजेक्ट करतात.

१३ एप्रिल २०२५

चूक सापडली. रात्री डोळ्याची बाहुली चांगली मोठी झालेली असते, जवळपास त्या भोकाएवढीच, त्यामुळं भोकाची कड धूसर दिसते आणि चंद्र कधी बसला ते कळत नाही. उपाय सोपा: डोळ्यापुढं दुसरा पुठ्ठा धरायचा, त्याला सुईनं बारीक छिद्र, आणि त्यातनंच बघायचं. चंद्र मंद दिसतो पण कड कापल्यासारखी दिसते. आज दहा वेळा बघितलं, ६८.५ ते ७०.५ च्या मध्ये, मधला आकडा ६९.५ सेमी.

६९.५ सेमीला ६ मिमीनं भागलं की ११६. याचा अर्थ चंद्र स्वतःच्या रुंदीच्या ११६ पट लांब आहे, म्हणजे असे ११६ चंद्र आपल्यापास्नं तिथपर्यंत ओळीनं मांडता येतील. चंद्र किती किलोमीटर रुंद किंवा लांब ते माहीत नसताना हे कळालं, त्याचंच भाचीला जास्त कौतुक. मलापण, खरं सांगायचं तर.

मोबाइलवर बघितलं, चंद्र आत्ता अपभूपाशी आहे, म्हणजे त्याच्या वाटेवरच्या सगळ्यात लांबच्या टोकाला, ४ लाख ६ हजार किमी. चंद्राचा व्यास ३,४७४ किमी. भागाकार ११६.९. आमचा जवळपास एक चंद्र कमी भरला. चालतंय.

११ मे २०२५

सूर्याचं माप. सूर्याकडं पट्टी लावून बघायचं नाही, साध्या काळ्या गॉगलमधनंपण नाही, भिंगातनं तर अजिबात नाही, हे भाचीकडनं तीनदा वदवून घेतलं. आम्ही सूर्य घरात आणला. छोट्या आरशाला काळा कागद चिकटवला, मध्ये ५ मिमीचं भोक ठेवलं, आरसा उन्हात स्टुलावर, आणि कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर. भोक कसंपण कापा, चौकोनी का असेना, लांब भिंतीवर कवडसा गोलच पडतो, कारण ते भोकाचं नाही तर सूर्याचं चित्र असतं. (आरशातल्या झोतातपण डोळा घालायचा नाही.)

पण आमची खोली ४ मीटरची, कवडसा जेमतेम ४ सेमीचा, आणि कडा भोकामुळं फिकट. लांब जागा पायजे.

१३ जुलै २०२५, रविवार

पृथ्वी ४ जुलैला अपसूर्य बिंदूवर होती, वर्षातली सूर्यापास्नं सगळ्यात लांब, १५ कोटी २१ लाख किमी. तेव्हाच मोजायचं होतं, पण आभाळ. मग आषाढी आली (६ तारखेला), घरचे निम्मे पंढरपूरला. आज ऊन पडलं. दहा दिवसांत सूर्याच्या अंतरात धरण्यासारखा फरक पडत नाही.

जागा: अक्कलकोट रोड एमआयडीसी, कारखान्याचं गोडाऊन, मालकांनी चावी दिली, "आग लावू नका फक्त" म्हणून. आरशापास्नं भिंतीपर्यंत टेपनं बरोबर २० मीटर. सकाळी ९ ला शटर अर्धं खाली ओढलं आणि समोरच्या भिंतीवर ताटलीएवढा सूर्य आला, जरा थरथरणारा, आणि तो दर मिनिटाला बाजूला सरकत होता. पृथ्वी फिरते ते भिंतीवर बघायला मिळालं. भाची पेन्सिल घेऊन त्याच्यामागं पळत होती.

माप १८.४, १८.६, १८.५ सेमी. २००० ला १८.५ नं भागलं की १०८.

म्हणजे सूर्यपण स्वतःच्या १०८ पट लांब. चंद्र ११६ आणि सूर्य १०८. सारखे दिसायचं कारण एवढंच: लांबी भागिले रुंदी, हा आकडा दोघांचा जवळजवळ आला की डोळ्याला दोघं एकाच मापाचे.

कारखान्यातले जॉबर काका (लूमची देखभाल करणारे) सुट्टी असूनपण मशीनचं काम काढून आलेले, ते बघत उभे राहिले, १०८ ऐकल्याबरोबर म्हणाले "जपमाळेचे मणी ओ!" हा फॉरवर्ड मलापण आलाय, पूर्वजांना सगळं माहीत होतं वगैरे. मी काकांना म्हणलं, थांबा, जानेवारीत परत मोजतो, तेव्हा १०८ येणार नाही. पृथ्वीची वाट थोडी लांबट आहे, त्यामुळं सूर्याचा आकडा जुलैत १०९ पर्यंत जातो आणि जानेवारीत साडेपाच-सहावर येतो, शंभर धरून. काका म्हणाले, माळेत मेरुमणी धरत नाहीत, तसं काहीतरी असंल. यावर काय बोलणार.

काकांनी १९८० च्या फेब्रुवारीतलं ग्रहण बघितलंय, म्हणजे बघितलं नाही, घरात कोंडून घेतलं होतं. तेव्हा खग्रासची पट्टी कारवार-रायचूरकडनं गेली होती, आपल्यापास्नं काय लांब नाही. "अख्खी गल्ली बंद, लूम बंद, कुत्रं नव्हतं रस्त्यावर."

७ सप्टेंबर २०२५, रविवार, रात्र (खरं म्हणजे ८ च्या पहाटे लिहितोय)

काल विसर्जन, आज खग्रास चंद्रग्रहण. सगळे दमलेले, तरी गच्चीवर आम्ही दोघं. आईनं वेध पाळले, दुपारनंतर जेवली नाही, पण रात्री ११ ला हळूच वर आली आणि लाल चंद्र बघून बराच वेळ उभी राहिली.

९:५७ ला सावली लागली, ११ ला पूर्ण आत, १२:२३ पर्यंत आत. ढग येऊन-जाऊन. साडेदहाच्या सुमाराचे तीन फोटो बरे आले.

आता यातली गंमत लिहितो, कारण अख्ख्या प्रोजेक्टमध्ये मला हीच सगळ्यात आवडली. खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची गडद सावली पृथ्वीवर पडते ती अगदी छोटी, टोकासारखी. सावली चंद्रापाशी सुरू होते तेव्हा चंद्राएवढी रुंद असते आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर जवळजवळ संपते, कारण सूर्य आणि चंद्र सारखे दिसतात. सारखं दिसणं आणि सावली टोकाला येणं, एकच गोष्ट आहे. म्हणजे पृथ्वी-चंद्र एवढ्या अंतरात सावली एका चंद्राएवढी बारीक होते. मग उलट बाजूनं, पृथ्वीची सावली चंद्रापर्यंत जातानापण तेवढीच बारीक होणार, एक चंद्र. म्हणून: पृथ्वी = चंद्रापाशी दिसणारी सावली + एक चंद्र.

आणि ती सावली तर फोटोत आहे! चंद्रावर पडलेली तिची गोल कड.

२१ सप्टेंबर २०२५

फोटोचे ए-फोर प्रिंट काढले, चंद्र ६ सेमीचा आला. सावलीची कड किती मोठ्या वर्तुळाची आहे ते शोधायला घरातली सगळी भांडी कागदावर ठेवून बघितली. वाटी लहान, ताट मोठं, शेवटी नाश्त्याची प्लेट बसली, १५.५ सेमीची. म्हणजे सावली २.६ चंद्र, अधिक एक, पृथ्वी ३.६ चंद्र. खरा आकडा ३.६७. स्टीलच्या प्लेटीनं!

ग्रीक अरिस्टार्कसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हीच वाट धरली होती. त्याच्याकडं फोटो नव्हता.

२८ सप्टेंबर २०२५

आठवडाभर काही नाही. सीना नदीला पूर, ताईच्या सासरकडच्या रानात पाणी, सगळे तिकडंच. वही बंद.

(नंतर लिहिलं: कोजागिरीला दूध आटवलं, माप राहिलं.)

२९ ऑक्टोबर २०२५

आज अर्धा चंद्र. अरिस्टार्कसची दुसरी युक्ती करून बघितली. चंद्र बरोबर अर्धा असतो तेव्हा सूर्य-चंद्र-पृथ्वी काटकोन होतो, मग आपल्याकडचा कोन मोजला की सूर्य चंद्राच्या किती पट लांब ते निघतं. त्यानं ८७ अंश धरला आणि सूर्य १८ ते २० पट लांब काढला. खरा कोन ८९.८५, आणि खरं उत्तर ३८९ पट. तीन अंशापेक्षा कमी चुकीनं उत्तर वीस पट घसरलं, कारण ९० च्या जवळ एकेक केसाएवढ्या फरकाला प्रचंड किंमत आहे. आणि मुळात चंद्र नेमका अर्धा कधी झाला ते डोळ्यानं कळतच नाही. आमचा कोन ९२ आला, म्हणजे सूर्य पाठीमागच्या बाजूला. सोडून दिलं.

तेव्हा ४०० पट हे आम्ही मोजलेलं नाही, ते पुस्तकातनं घेतलंय, तक्त्यावर तसं लिहायचं. सूर्याचं अंतर नीट कळायला १७६१ आणि १७६९ ची शुक्राची अधिक्रमणं (शुक्र सूर्याच्या बिंबावरनं सरकताना दिसतो ती) यावी लागली, जगभर माणसं पाठवावी लागली, आमची मीटरपट्टी पुरणार नव्हतीच.

५ नोव्हेंबर २०२५, त्रिपुरी पौर्णिमा

वर्षातली सगळ्यात जवळची पौर्णिमा, ३ लाख ५७ हजार किमी. बातम्यांत सुपरमून सुपरमून चाललंय.

आईशी पैज: उगवतानाचा चंद्र मोठा की डोक्यावरचा. हरेल त्यानं खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायची, मिक्सर नाही. संध्याकाळी ६ ला, चंद्र टाकीच्या मागं, पिवळा, भला मोठा, मलापण परातच दिसत होती. पट्टीवर ६२.५. रात्री ११ ला, चंद्र जवळपास डोक्यावर, लहानसा, पांढरा. पट्टीवर ६१.५.

आकडा कमी म्हणजे चंद्र मोठा. डोक्यावरचा मोठा निघाला! आधी मला पट्टीचीच शंका आली, पण बरोबर आहे, उगवताना आपण पृथ्वीच्या बाजूला असतो आणि डोक्यावर येतो तेव्हा पृथ्वीची निम्मी जाडी, ६,४०० किमीपर्यंत, चंद्राच्या जवळ आलेलो असतो. फरक जेमतेम दीड-दोन टक्के, एक सेंटिमीटरवर माझा फार भरवसा नाही, पण मोठा नक्कीच झालेला नाही उगवतानाचा. परात होते ती आपल्या डोक्यात, झाडं-घरं-टाकी शेजारी असतात म्हणून. भाचीनं पुठ्ठ्याच्या नळीतनं बघितलं, टाकी दिसेनाशी झाल्याबरोबर चंद्र बारका.

आई म्हणाली, तुझी पट्टी खोटी आहे. चटणी मात्र कुटली.

आता दोन्ही टोकं हातात आली: एप्रिलमध्ये ११६, आत्ता १०३. मधला साडेएकशेनऊ. सप्टेंबरच्या प्लेटीवरनं चंद्राचा व्यास १२,७४२ भागिले ३.६, म्हणजे ३,५३९ किमी. गुणिले १०९.५, चंद्राचं अंतर ३ लाख ८७ हजार किमी. पुस्तकात सरासरी ३,८४,४०० आहे. एवढं जवळ यायला नशीबपण लागतं, एक चूक इकडं आणि एक तिकडं, पण भाची गच्चीवर नाचली आणि मी नाचलो नाही एवढंच.

१६ नोव्हेंबर २०२५

तक्त्यासाठी आकडे एका जागी मांडले तेव्हा लक्षात आलं की एप्रिलमधलं माझं उत्तर अर्धवट होतं.

सूर्याचा आकडा फिरतो १०५.६ ते १०९.२. चंद्राचा फिरतो १०२.७ पास्नं जवळजवळ ११७ पर्यंत. सूर्य थोडासा हलतो, चंद्र भरपूर, आणि चंद्राच्या पल्ल्याच्या मध्ये सूर्याचा पल्ला बसलाय. म्हणजे "सारखे" हे कायमचं नाहीच. कधी चंद्र मोठा, कधी सूर्य, आणि ग्रहणाच्या दिवशी कोण मोठा त्यावर खग्रास की कंकणाकृती ते ठरतं. सरासरी धरली तर चंद्र किंचित लहानच पडतो (मोठेपणा ४०१ पट, लांबी ३८९ पट, तंतोतंत कुठंय), म्हणून कंकणाकृती ग्रहणं खग्रासपेक्षा थोडी जास्त होतात.

याची दोन उदाहरणं आपल्याच देशात सहा महिन्यांत होऊन गेली. २२ जुलै २००९ ला सूर्य लांबचा, म्हणून लहान, चंद्र नेमका जवळचा, म्हणून मोठा: सुरतेपास्नं पाटण्यापर्यंत खग्रास, पुढं पॅसिफिकमध्ये ६ मिनिटं ३९ सेकंद, या शतकातलं सगळ्यात लांबलेलं. १५ जानेवारी २०१० ला उलटं, सूर्य जवळचा आणि चंद्र लांबचा: कन्याकुमारी-रामेश्वरला कंकण, आणि जास्तीत जास्त ११ मिनिटं ८ सेकंद, अख्ख्या हजार वर्षांतलं सगळ्यात लांबलेलं. तेव्हा मी कॉलेजात होतो, दोन्ही ग्रहणं टीव्हीवर बघितली आणि यातलं काहीच कळालं नव्हतं.

अजून एक जवळचं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास, ज्यात सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट (उजेडाच्या रंगांची पट्टी) पहिल्यांदा बघितला, त्यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला थांबला होता आणि खगोलशास्त्रज्ञांच्या हर्शेल घराण्यातला लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. जमखंडी! आपल्याकडनं विजापूर आणि पुढं थोडं. त्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेवरनंच पुढं हेलियम सापडला. चंद्र जरा लहान असता तर सूर्याचं बिंब झाकलं नसतं आणि भलताच मोठा असता तर कडेच्या ज्वालाच झाकून गेल्या असत्या.

भाची: हे असं मुद्दाम कुणी जुळवलं का? मी: नाही. चंद्र दर वर्षी ३.८ सेमी, दोन बोटं, लांब चाललाय. १९६९ ला अपोलो ११ नं तिथं आरसे ठेवले, त्यावर लेझर मारून हे मोजतात. पूर्वी चंद्र जवळ होता, मोठा दिसायचा, सूर्य सहज झाकायचा, आणि अजून ६० कोटी वर्षांच्या आसपास खग्रास बंदच होणार. आपण मधल्या काळात आलोय. मंगळावरनं बघितलं तर त्याचा चंद्र फोबोस सूर्यासमोर येतो तर त्याला अर्धवटच झाकतो. जुळून आलंय, एवढंच. तिला हे उत्तर पसंत पडलं नाही, मला दुसरं माहीत नाही.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

होम मैदान, सकाळी ७. गड्डा जत्रेचे पाळणे आणि स्टॉल उभे राहायच्या आधी उरकायचं होतं.

मॉडेल: १ मिमी म्हणजे १,००० किमी. पृथ्वी १२.७ मिमी, गोटी. चंद्र साडेतीन मिमी, ज्वारीचा दाणा. गोटीपास्नं ३८ सेमीवर. आणि सूर्य १.३९ मीटरचा, १५० मीटरवर. कारखान्यातलं पिवळं टॉवेलचं कापड बांबूच्या रिंगवर ताणून सूर्य केला, तो धरून जॉबर काका मैदानाच्या त्या टोकाला. दाण्यासाठी भाची आदल्या दिवशी मंगळवेढ्याच्या मालदांडीचा अर्धा डबा पसरून व्हर्नियरनं मोजत बसली होती, दाणे सगळे चपटे, टपोरे, चार-साडेचारचे. शेवटी एक ३.५ चा बऱ्यापैकी गोल सापडला. तो सुईच्या टोकाला फेविक्विकनं.

एक डोळा मिटून, सुईच्या छिद्रातनं (एप्रिलची अक्कल), दाणा ३८ सेमीवर: पिवळ्या सूर्याची बारीक कड सगळीकडनं बाहेर. कंकणाकृती! दाणा ३६ वर ओढला: सूर्य गायब, काका फक्त पायापुरते. खग्रास. दोन सेंटिमीटर.

फिरायला आलेले आजोबा-आजी रांग लावून बघत होते. एकांनी विचारलं, टॉवेलची जाहिरात आहे का.

३ जानेवारी २०२६, शनिवार

प्रदर्शन (सावित्रीबाईंची जयंती, तेव्हाच ठेवतात). योग असा की पृथ्वी आज सूर्याच्या सगळ्यात जवळ, १४ कोटी ७१ लाख किमी, आणि आजच पौर्णिमा, चंद्रपण जवळचा.

सकाळी आधी गोडाऊन. तीच भिंत, तेच २० मीटर, तोच आरसा. १९.२, १८.९, १९.१. जुलैपेक्षा सूर्य सरासरी साडेपाच मिमीनं वाढला, आकडा १०८ वरनं १०५ वर. हिशेबानं ६ मिमी वाढायला पायजे होता. जुलैचं पेन्सिलीचं वर्तुळ भिंतीवर होतंच, आजचा सूर्य त्याच्या बाहेर सांडत होता. थंडीत सूर्य मोठा, हे बघून काका गप्प झाले आणि मग म्हणाले, माळ तीच ठेवा, मणी बदलालेत.

प्रदर्शनात परीक्षकांनी आमच्यापुढं दोन मिनिटं काढली, शेजारी ज्वालामुखी होता, धूर निघणारा, तिकडं गेले. उत्तेजनार्थ मिळालं. भाची रडली नाही पण रिक्षात बोललीपण नाही. रात्री मात्र स्वतःच पट्टी घेऊन वर गेली. ६२.५. सूर्य १०५, चंद्र १०४. आज खरंच सारखे होते दोघं.

५ जानेवारी २०२६

पुढचं: ३१ मे ची पौर्णिमा, अधिक महिन्यातली, लांबची, ११७ च्या आसपास येते का बघायचं. पट्टी कपाटामागं, कार्ड आणि छिद्राचा पुठ्ठा वहीत. रिंग काकांच्या पोरानं नेली.

सुईवरचा दाणा प्रदर्शनात निसटला होता तो भाचीनं कागदाच्या पुडीत बांधून डब्यावर ठेवलेला. आईनं काल दळण काढलं. पुडी उघडली, ज्वारीच आहे म्हणून डब्यात टाकली आणि डबा गिरणीत पाठवला.

आज दुपारी भाकरी खाल्ली.